जुनं लोखंड, नवं रबर: जुन्या फोर-बाय-फोरच्या पार्ट्सचा आढावा

ताडोबाच्या मोहर्ली आणि कोलारा गेटवर, पेंचमध्ये, मेळघाटात पर्यटकांना जंगलात नेणाऱ्या गाड्यांमध्ये मारुती जिप्सी आजही ठळकपणे दिसते. ही गाडी सर्वसामान्य ग्राहकांना विकणं कंपनीने २०१९ साली थांबवलं. म्हणजे गेटवर उभी असलेली प्रत्येक जिप्सी आता वयस्कर आहे. तरी ती रोज धुळीतून, खडीवरून, नाल्यातून धावते आणि तिच्यावर कुणाचं तरी घर चालतं. पाटण-कोयनेच्या डोंगरातली महिंद्रा मेजर, कोकणातल्या आंबाबागेत पेट्या वाहणारी एमएम ५४०, एखाद्या निवृत्त फौजीने जपलेली जोंगा यांची गतही तीच. कारखाना मागे सुटला आहे आणि गाडीचं पुढचं आयुष्य सुट्या भागांवर उभं आहे.

पार्ट मिळतो का, याचं उत्तर बहुतेक वेळा ‘मिळतो’ असंच येतं. मिळालेला पार्ट टिकेल का, इथे खरी अडचण आहे. बाजारात माल भरपूर आहे, खात्रीचा कमी. आणि माझं ठाम मत असं की खात्रीचा पार्ट मिळवण्याचं निम्मं काम दुकानाची पायरी चढण्याआधी होतं, आपल्या गाडीत नेमकं काय बसलेलं आहे हे ओळखण्यात. उरलेलं निम्मं असतं ते काय नवंच घ्यायचं, काय जुनंच शोधायचं आणि काय लेथवर करून घ्यायचं, हे ठरवण्यात.

आपल्याकडे या गाड्यांचे पार्ट्स अजून मिळतात यामागे मोठा इतिहास आहे. महिंद्राने १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलिज जीप जोडायला सुरुवात केली. पुढे सीजे-३बी इथेच बनू लागली आणि अमेरिकेत १९६८ साली तिचं उत्पादन थांबल्यावरही भारतात ती बनत राहिली. १९८०च्या दशकात एमएम ५४० आली, तिच्यात प्यूजोचं एक्सडीपी ४.९० हे डिझेल इंजिन होतं. चार सिलेंडर, ९० मिलिमीटर बोअर, म्हणून ते ४.९०, क्षमता २११२ सीसी. नंतर महिंद्राचं २५२३ सीसीचं डीआय इंजिन बोलेरो, कॅम्पर आणि पिकअपमध्ये इतकं पसरलं की त्याचा वॉटर पंप किंवा हेड गॅस्केट आज तालुक्याच्या दुकानातही मिळतं. जिप्सी डिसेंबर १९८५मध्ये ९७० सीसीच्या इंजिनासह आली, १९९३मध्ये तिची चाकांमधली रुंदी वाढली, १९९६मध्ये १२९८ सीसीची जिप्सी किंग आली आणि २०००च्या सुमारास कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय आलं. किंगचं १.३ लिटरचं इंजिन एस्टीमच्याच कुटुंबातलं. त्यामुळे इंजिनापुरता जिप्सीवाला निश्चिंत असतो. त्याची खरी ओढाताण ट्रान्सफर केस, पुढचा एक्सल आणि स्टिअरिंग नकल यांच्यासाठी होते. जोंगाचं दुखणं वेगळं. जबलपूरच्या वाहन कारखान्यात १९९९पर्यंत बनलेली ही गाडी मुळात निसान पॅट्रोल पी६०. तिचं ३९५६ सीसीचं सहा सिलेंडरी इंजिन इथल्या दुसऱ्या कुठल्या नागरी मोटारीत आलं नाही, म्हणून तिच्या मालकाला लष्कराच्या जुन्या मालावर किंवा परदेशातल्या पॅट्रोलप्रेमींवर विसंबावं लागतं.

आता ओळखण्याचा भाग. जुनी जीप क्वचितच कागदावर लिहिल्याप्रमाणे असते. पेट्रोलची डिझेल झालेली असते, तीन गिअरचा डबा जाऊन चार गिअरचा आलेला असतो, मागचा एक्सल अपघातानंतर दुसऱ्या गाडीचा बसवलेला असतो. मालक दुकानात जाऊन ‘सीजेचा एक्सल शाफ्ट द्या’ म्हणतो, दुकानदार सीजेचा देतो, आणि तो बसत नाही. विलिजच्या जुन्या मागच्या एक्सलचे शाफ्ट १० स्प्लाइनचे, नंतरच्या काळातले १९ स्प्लाइनचे. बाहेरून हाउसिंग सारखंच दिसतं. म्हणून जुना शाफ्ट काढायचा, स्प्लाइन मोजायच्या, लांबी मोजायची आणि तो शाफ्ट हातात घेऊनच दुकानात जायचं.

क्राउन-पिनियनची गोष्ट याहून नाजूक. जुन्या जीपमध्ये ४३ दातांचं क्राउन आणि ८ दातांचं पिनियन भेटतं, म्हणजे गुणोत्तर ५.३८; कुठे ३९ आणि ८ भेटतं, म्हणजे ४.८८. मागचा डिफरन्शिअल कधीतरी बदलला आणि पुढचा तसाच राहिला, तर टू-व्हीलमध्ये गाडी व्यवस्थित चालते. फोर-व्हील टाकताच मात्र पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी झगडू लागतात आणि तो ताण ट्रान्सफर केसवर येतो. मग मालक ट्रान्सफर केसचे गिअर बदलत राहतो. झाकण उघडून दोन्हीकडचे दात मोजायला एक दुपार पुरते. गाडी विकत घेतली की पहिल्या महिन्यात हे काम उरकावं असं मी प्रत्येकाला सांगतो.

मग पार्ट नंबर. पार्ट्स कॅटलॉग, म्हणजे सगळे भाग सुटे करून काढलेल्या आकृत्यांचं पुस्तक, हे जुन्या गाडीच्या मालकाकडे असलंच पाहिजे. गाडीबरोबर येणारं मालकाचं पुस्तक वेगळं, त्यात नंबर नसतात. सुझुकीच्या नंबराची रचना समजली तर बरंच काम सोपं होतं: पहिले पाच आकडे भाग कोणता ते सांगतात, पुढचे आकडे-अक्षरं तो कोणत्या मॉडेलचा ते. मारुतीच्या नंबरात या दोहोंच्या मध्ये ‘एम’ येतो. जिप्सी ही जगभरात सामुराई, सिएरा आणि एसजे या नावांनी विकल्या गेलेल्या सुझुकीचीच बहीण असल्याने इथे न मिळणारा भाग ऑस्ट्रेलिया किंवा अमेरिकेतल्या यादीत सापडतो. नंबर हातात नसेल तर तिकडच्या विक्रेत्याशी बोलताच येत नाही. बेअरिंगचं तर याहून सोपं. बेअरिंगचे आकडे गाडीचे नसतात, बेअरिंगचे असतात. विलिज जीपच्या पुढच्या चाकाचं टेपर रोलर बेअरिंग टिमकेनच्या १८५९० आणि १८५२० या आकड्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून ओळखलं जातं. तुमच्या जीपमधलं बेअरिंग पुसून त्यावरचा आकडा वाचा आणि ‘जीपचं बेअरिंग’ न मागता त्या आकड्याचं मागा. दुकानदार बेअरिंगचाच असेल तर तो टिमकेन, एसकेएफ किंवा एनबीसीचं काढून देईल, बऱ्याचदा जीपच्या दुकानापेक्षा कमी भावात.

इथून लेखाच्या नावाकडे येतो. माझ्या मते जुन्या फोर-बाय-फोरमध्ये ओतकामाचे आणि घडाईचे मोठे भाग शक्यतो जुने, मूळ कंपनीचेच शोधावेत: इंजिन ब्लॉक, गिअरबॉक्सचा डबा, ट्रान्सफर केसचं कवच, एक्सल हाउसिंग, स्टिअरिंग नकल. हे भाग गंजाने किंवा अपघाताने जातात, साध्या वापराने फारसे जात नाहीत. चाळीस वर्षांपूर्वीच्या ओतीव कवचात बेअरिंगच्या जागा सरळ रेषेत असतील, भेग नसेल, आटे शाबूत असतील, तर त्याच्या तोडीची नवी नक्कल बाजारात मिळणं कठीण आहे. नकली कवचात ओतकाम सच्छिद्र असतं, भोकं अर्धा मिलिमीटर सरकलेली असतात, आणि ते कळतं तेव्हा गाडी जोडून झालेली असते. जुन्या मालात पाहायचं काय, तेही ठरलेलं आहे. बेअरिंग बसतं ती जागा चकचकीत झालेली असेल तर बेअरिंग तिथे फिरलेलं आहे, तो डबा नको. वेल्डिंगची रेघ असेल तर ती कुठे आहे ते पाहावं. पायाच्या कानावर चालेल, बेअरिंगच्या जागेजवळ नाही. शंका आली की डाय-पेनेट्रंट मारणाऱ्याकडे न्यावं. हे काम कोणत्याही औद्योगिक वसाहतीत होतं आणि फार महाग नसतं.

गिअर आणि क्राउन-पिनियन यांची जागा मधली. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडी म्हणून तयार होतात, दोघांवर जोडीचा एकच नंबर कोरलेला असतो. एका गाडीचं क्राउन आणि दुसऱ्या गाडीचं पिनियन ‘दोन्ही चांगले आहेत’ म्हणून विकणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा. ती जोडी ओरडणार आणि दात खाणार. जुनी घेतली तर पूर्ण जोडीच घ्यावी आणि ती बसवणारा मिस्त्री डायल गेज लावून बॅकलॅश मोजतो का, निळा रंग लावून दातांचा ठसा पाहतो का, हे आधी विचारावं. नवी घ्यायची तर कारखान्यांना माल पुरवणाऱ्या कंपनीची घ्यावी. मुंब्र्याला भारत गिअर्स आहे, पुण्याजवळ स्पायसर आहे. अशा कंपन्यांचा माल गाडीच्या कंपनीच्या खोक्याऐवजी त्यांच्या स्वतःच्या खोक्यात मिळाला तर तो घेण्यात काहीच कमीपणा नाही. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, इंजेक्टरचे नोझल, स्टार्टर, अल्टरनेटर, क्लच प्लेट, पिस्टन रिंग या सगळ्यांत हाच मार्ग सर्वांत शहाणपणाचा. बॉशच्या, म्हणजे पूर्वीच्या मायकोच्या, नाशिकच्या कारखान्यात नोझल आणि इंजेक्टर बनत आले आहेत. प्यूजो इंजिनाचा धूर काळा येतो म्हणून पंप उतरवण्याआधी चांगले नोझल घालून पाहावेत.

रबर मात्र कधीही जुनं घेऊ नये. ‘न वापरलेला, खोक्यातला, जुना कंपनीचा माल’ ऐकून अनेकांचे डोळे चमकतात. ब्रेकचे कप, होज पाइप, ऑइल सील आणि नकलचं सील यांच्याबाबत हे आकर्षण धोक्याचं आहे. रबर खोक्यातही म्हातारं होतं: कडक होतं, ओठ आवळतो, बोटाने वाकवलं की बारीक चिरा दिसतात. वीस वर्षं कपाटात पडलेला अस्सल ब्रेक होज कालच्या ताज्या साध्या होजपेक्षा वाईट. ब्रेकच्या बाबतीत मी कसलीच तडजोड मानत नाही. मास्टर सिलेंडर, व्हील सिलेंडर, होज हे नवे, नामांकित ब्रेक कंपनीचे आणि अलीकडच्या तारखेचे असावेत. सिलेंडरला आत गंजाचे खड्डे पडले असतील तर नुसतं किट बदलून तो परत बसवू नये. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि कोकणात पावसाळाभर उभी राहिलेली गाडी आतून अशीच गंजते. जुन्या साठ्यातल्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते, म्हणून ते टाळावं, आणि जुन्या ड्रममधली भुकटी हवेच्या नळीने उडवू नये. ती फुप्फुसात जाते. ओल्या फडक्याने पुसावी.

जिप्सीत रबराचं आणखी एक ठिकाण फार लोकांच्या लक्षात येत नाही. तिचा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो. तो चेसिसवर वेगळा, रबरी माउंटिंगवर टांगलेला असतो आणि मध्ये छोटा शाफ्ट असतो. माउंटिंग बसलं की गाडी ठरावीक वेगाला थरथरते आणि मालक प्रोपेलर शाफ्ट, क्रॉस, टायर असं सगळं बदलून मोकळा होतो. तसंच पुढची चाकं खड्ड्यानंतर भयानक हलू लागली की दोष सर्रास स्टिअरिंग डँपरला दिला जातो. मूळ बहुधा किंगपिनच्या बेअरिंगमध्ये आणि त्याखालच्या शिममध्ये असतं. बेअरिंग बाजारात सहज मिळतं. शिम लावून योग्य ताण बसवणारा हात शोधावा लागतो.

जे नवंही मिळत नाही आणि जुनंही नाही, ते करून घ्यायचं. या बाबतीत महाराष्ट्र भाग्यवान आहे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, भोसरीत, नाशिकच्या सातपूर-अंबड भागात लेथ, मिलिंग, ग्राइंडिंग आणि हीट ट्रीटमेंट करणारी माणसं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. बुश, पिन, स्पेसर, शॅकल, लिंकेज, गनमेटलचे थ्रस्ट वॉशर हे इथे मूळ मालाइतके, कधी त्याहून चांगले होतात. अट एक: ‘असाच करून दे’ एवढं सांगून चालत नाही, धातू सांगावा लागतो. साध्या पिनेला ईएन-८ चालेल. एक्सल शाफ्टसारख्या पिळाचा भार घेणाऱ्या भागाला ईएन-२४ आणि योग्य हार्डनिंग लागतं. गिअरला ईएन-३५३सारखं स्टील आणि केस हार्डनिंग, म्हणजे पृष्ठभाग कठीण आणि गाभा चिवट. माइल्ड स्टीलचा शाफ्ट दिसायला हुबेहूब होतो आणि पहिल्या चिखलातच पिळतो. नमुना म्हणून दिलेला जुना भाग स्वतः झिजलेला असतो, हेही लेथवाल्याला सांगावं. त्याचं माप जसंच्या तसं घेतलं तर झीजच नव्याने बनते. न झिजलेल्या टोकाचं माप घ्यायचं. स्टिअरिंगचे आर्म, टाय रॉडचे बॉल जॉइंट आणि ब्रेकचे भाग मात्र लेथवर करवून घेऊ नयेत, कितीही निष्णात कारागीर असला तरी.

बाजारांबद्दल थोडक्यात. मुंबईत नव्या मालासाठी ऑपेरा हाउसचा भाग, जुन्यासाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड. पुण्यात नाना पेठ, आणि रविवारी-बुधवारी जुना बाजार. दिल्लीत काश्मिरी गेटला घाऊक नवा माल आणि मायापुरीत कापलेल्या गाड्यांचा. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरची मंडी डबवाली जीपसाठीच प्रसिद्ध. लष्कराची बाद वाहनं एमएसटीसीच्या ई-लिलावातून लॉटने विकली जातात. किरकोळ मालकाला तिथे जागा नाही, पण तो लॉट घेणारा व्यापारी कोण हे कळलं की त्याच्याकडून हवा तो भाग मिळू शकतो. लष्करी गाडीची देखभाल वेळापत्रकाने झालेली असते, म्हणून तिचे गिअरबॉक्स आणि एक्सल मला नेहमी उजवे वाटतात. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधन आणल्यावर तिथल्या गाड्या इतर राज्यांत गेल्या आणि बऱ्याच कापल्याही गेल्या. उत्तरेकडच्या कोरड्या हवेतली बॉडी आणि चेसिस कोकणातल्यापेक्षा कमी गंजलेली असते, त्यामुळे टब किंवा चेसिसचा तुकडा हवा असेल तर तिकडचा पाहावा.

कापलेल्या गाडीचा माल घेताना बिल घ्यायलाच हवं. मेरठच्या सोतीगंजचा बाजार चोरीच्या गाड्या कापण्यासाठी कुप्रसिद्ध होता आणि २०२१च्या डिसेंबरात तो बंद पाडण्यात आला. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७खाली गुन्हा आहे. इंजिन घेतलं तर त्याचा नंबर, मूळ गाडीचे कागद आणि आरटीओची परवानगी हे तिन्ही हवेत, नाहीतर १५ वर्षांनंतरच्या फेरनोंदणीला गाडी अडकते. खासगी मोटारीच्या त्या फेरनोंदणीची फी १ एप्रिल २०२२पासून ६०० रुपयांवरून ५,००० झाली, तेव्हा कोणतीही जुनी गाडी निष्काळजीपणे पुन्हा पुन्हा आरटीओत नेणं परवडणारं नाही.

बनावट मालाचं काय? खोकं पाहून ओळखण्याचे दिवस संपले. रिकामी अस्सल खोकी भंगारात विकली जातात आणि त्यांत नकली माल भरला जातो. म्हणून नवा पार्ट काढला की खोकं फाडून टाकण्याची सवय लावावी. त्याने दुसऱ्या कुणाचे तरी ब्रेक वाचतात. घेताना वेष्टनावरची छापील किंमत आणि महिना-वर्ष पाहावं, कोरलेला नंबर सुस्पष्ट आहे का पाहावं, आणि खिशात व्हर्निअर ठेवावा. अस्सल मालाची मापं सारखी येतात. एकाच खोक्यातल्या दोन किंगपिनांच्या व्यासात फरक असेल तर आणखी पुराव्याची गरज नाही.

इतकं सगळं मालकाने का करावं, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर कंपन्यांनी द्यायला हवं. २०११च्या एका ग्राहकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अस्सल सुटे भाग आणि तपासणीची साधनं खुल्या बाजारात, स्वतंत्र गॅरेजांना मिळू दिली जात नाहीत, हा आयोगाचा मुख्य निष्कर्ष होता. प्रकरण अपिलात गेलं. डिसेंबर २०२२मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारींचा समावेश आहे. चांगली पावलं आहेत, पण दोन्हींचा भर आज विकल्या जाणाऱ्या गाड्यांवर आहे. बंद झालेल्या मॉडेलच्या मालकाला त्यांतून फारसं काही मिळत नाही. टोयोटाने २०२१मध्ये लँड क्रूझर ४० सीरिजसाठी हेरिटेज पार्ट्सची घोषणा केली आणि पुढच्या वर्षापासून कित्येक दशकांपूर्वीच्या गाडीचे भाग पुन्हा बनवून विकायला घेतले. फिलिपिन्समध्ये एमडी हुआन ही कंपनी विलिजच्या पूर्ण बॉड्या नव्याने बनवते आणि जगभर पाठवते. ज्या देशात सीजे-३बी अमेरिकेपेक्षा जास्त काळ बनली, त्या देशात नकल, ट्रान्सफर केसचे गिअर आणि चेसिसचे तुकडे अधिकृतपणे, मर्यादित संख्येत का होईना, पुन्हा बनावेत ही मागणी अवाजवी नाही. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रांनीही गाडी चिरडण्याआधी एक्सल, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस वेगळे काढून चेसिस नंबरासह विकावेत. असा माल मायापुरीतल्या निनावी ढिगाऱ्यापेक्षा शतपट भरवशाचा होईल.

शेवटी त्या गाड्यांबद्दल, ज्यांना अजून कुणी जुनं म्हणत नाही: फोर-बाय-फोर सफारी, पजेरो, एंडेव्हर. यांच्यात दात मोजून आणि लेथवर जाऊन सगळं सुटत नाही. ट्रान्सफर केस बऱ्याचदा बटणावर चालतो, त्यामागे मोटर, सेन्सर आणि कंट्रोल युनिट असतं, आणि ते युनिट गेलं की ठणठणीत गिअर असूनही फोर-व्हील लागत नाही. फोर्डने २०२१मध्ये भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. पजेरोचे कितीतरी भाग आजही बाहेरून मागवावे लागतात. अशा गाडीच्या मालकाने यांत्रिक भागांच्या मागे लागण्याआधी शिफ्ट मोटर, स्पीड सेन्सर, हबचे व्हॅक्यूम भाग आणि कंट्रोल युनिट यांची नंबरासकट यादी करावी आणि ते अजून शोरूमच्या काउंटरवर मिळतात तोवर एकेक घेऊन ठेवावेत. वायरिंगचे कनेक्टर त्यात विसरू नयेत. मोटर परदेशातून येईल, कनेक्टर येत नाही.